शाळेच्या आकड्यांतून धोरणाकडे : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण बहुधा महात्मा गांधींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि नेमस्त राजकारणाचे अग्रणी म्हणून केले जाते. त्यांच्या आयुष्याचा आणखी एक धागा मात्र तुलनेने कमी चर्चिला जातो. देशातील किती मुले शाळेत जातात, किती जात नाहीत, ती कोठे आणि का मागे राहतात, हे आकड्यांनी तपासून त्यावरून शिक्षणाचे धोरण ठरले पाहिजे, असा आग्रह त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धरला. या आग्रहामागे शिक्षक, गणिताचे पाठ्यपुस्तककार आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणून घडलेले त्यांचे अवघे जीवन उभे होते.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ अवघ्या तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण थांबवून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. एका मुलाने शाळेत टिकून राहावे यासाठी घराला काय किंमत मोजावी लागते, हे गोखले यांना असे लहानपणीच कळले. पुढे शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडताना गरीब पालकाचा विचार त्यांच्या मनातून कधी सुटला नाही, त्याचे मूळ कदाचित या आठ रुपयांत असावे.

१८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा ठिकाणी शिकून त्यांनी १८८४ मध्ये पदवी संपादन केली. त्यानंतर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे गरजेनुसार जो विषय वाट्याला येईल तो त्यांनी शिकविला. सहकारी ना. जे. बापट यांच्यासह त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. ते पुस्तक अनेक शाळांतून दीर्घकाळ वापरले गेले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासाने या तरुण शिक्षकाला वेगळीच शिस्त लागली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, जनगणनेची कोष्टके आणि खात्यांचे जमाखर्च बारकाईने वाचण्याचा परिपाठ गोखले यांच्या अंगवळणी पडला. एखाद्या अर्जातील विधानाला आधार नसेल, तर रानडे तो मसुदा परत लिहावयास लावीत. अशा कामात गोखले यांना मोलाचे साह्य लाभले ते गणेश व्यंकटेश जोशी यांचे. पेशाने शाळेचे मुख्याध्यापक असलेले जोशी सरकारी आकडेवारीचे निष्णात अभ्यासक होते. गोखले यांच्या पुढील काळातील अनेक भाषणांच्या पूर्वतयारीत त्यांचा हात होता.

या तयारीची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये लागली. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. आयोगाच्या सदस्यांनी केलेल्या कठोर उलटतपासणीतही त्यांची साक्ष टिकली, कारण प्रत्येक विधानामागे सरकारचेच आकडे होते. त्याच मुक्कामात मात्र त्यांच्यावर एक कटू प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची वार्ता त्यांना पत्रांतून कळली आणि ती त्यांनी तेथील वृत्तपत्राद्वारे जाहीर केली. परत आल्यावर त्या आरोपांचा ग्राह्य पुरावा त्यांना उभा करता आला नाही. त्यांनी जाहीर क्षमायाचना केली आणि त्याबद्दल स्वकीयांची कठोर टीका सोसली. क्षमायाचनेविषयी मतभेद आजही आहेत. परंतु ज्याची शहानिशा करता येणार नाही असे विधान सार्वजनिक व्यासपीठावर मांडण्याची किंमत किती असते, हे त्यांना या प्रसंगात भोगावे लागले. त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत आढळणारी कमालीची काटेकोर वृत्ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

१८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळात निवडून आले आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळात कलकत्त्यास बसू लागले. त्याच वर्षी २६ मार्चला त्यांनी केलेल्या अंदाजपत्रकावरील पहिल्या भाषणाने सरकारी बाकांनाही विचार करावयास लावले. तिजोरीत शिल्लक वाढत असल्याचे सरकार समाधानाने सांगत होते. गोखले यांनी त्याच हिशेबातून दाखवून दिले, की ही शिल्लक जनतेच्या समृद्धीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक आकारलेल्या करांचा परिणाम आहे. पुढील काही वर्षांत मिठावरील कर टप्प्याटप्प्याने कमी झाला, त्यामागे या युक्तिवादाचाही वाटा मानला जातो. आणि शिल्लक उरतच असेल, तर ती प्राथमिक शिक्षण व आरोग्य यांसाठी का खर्च होऊ नये, हा प्रश्न ते वर्षानुवर्षे विचारीत राहिले.

शिक्षणाविषयीचे आकडे त्या काळी अस्वस्थ करणारे होते. १९०१ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे ९८ आणि दर हजार स्त्रियांमागे अवघ्या ७ व्यक्ती साक्षर होत्या. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ठरावातच अशी कबुली होती, की पाचपैकी चार गावांत शाळा नाही, चारपैकी तीन मुलगे शिक्षणाविना वाढतात आणि चाळीस मुलींमागे एखादीच शाळेत जाते. ही माहिती सरकारपाशी होती, ती छापली जात होती आणि वाचलीही जात होती. तिच्यावरून पुढे काय करावयाचे, हे मात्र कोणी ठरवीत नव्हते. गोखले यांनी नेमक्या याच ठिकाणी हात घातला.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याची योजना आखण्यासाठी आयोग नेमावा, असा ठराव मांडला. एकूण लोकसंख्येच्या किती टक्के मुले प्राथमिक शाळांत आहेत, याची देशोदेशीची तुलना त्यांनी परिषदेपुढे ठेवली. अमेरिकेत हे प्रमाण २१ टक्के, तर जपानमध्ये ११ टक्के होते. ब्रिटिश भारतात ते केवळ १.९ टक्के होते. या तुलनेतील सर्वांत बोलका आकडा देशातीलच होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केला होता. तेथील प्रमाण ब्रिटिश भारताहून कितीतरी अधिक होते. हवामान, समाजरचना, जातिव्यवस्था, दारिद्र्य यांपैकी कोणतीही सबब बडोद्याच्या उदाहरणापुढे टिकत नव्हती.

सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर गोखले यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षाअखेरीस केंद्र सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन झाले. तेवढ्यावर समाधान न मानता गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक स्वतः मांडले. एका खासगी सदस्याने तयार केलेला हा मसुदा आजही अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यात आकडा हा केवळ युक्तिवाद राहिलेला नाही. तो निर्णयाची अट झाला आहे.

सक्ती एकाच वेळी साऱ्या देशावर लादावी, असे विधेयकात कोठेही नव्हते. ज्या नगरपालिकेच्या वा जिल्हा मंडळाच्या क्षेत्रात मुलग्यांपैकी ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच आणि त्या स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, सरकारच्या संमतीने सक्ती सुरू करता येणार होती. हे प्रमाण साधारण ३३ टक्के असावे, अशी गोखले यांची सूचना होती. एक तृतीयांश मुले स्वेच्छेने शाळेत येत असतील, तर समाजात शिक्षणाची गोडी निर्माण झाली आहे आणि उरलेल्यांना शाळेत आणणे आवाक्यात आहे, असा त्यामागील विचार होता. म्हणजेच प्रत्येक गावाने आणि शहराने प्रथम आपली मुले मोजावयाची, आपण कोठे उभे आहोत हे पाहावयाचे आणि मग पुढचे पाऊल टाकावयाचे. सक्तीचे वय सहा ते दहा वर्षे असे ठेवले होते. हजेरीवर लक्ष ठेवण्यासाठी स्थानिक समित्या असाव्यात, दरमहा दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये आणि वाढीव खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने, तर दोन भाग सरकारने उचलावेत, अशी तरतूद होती. समस्या, तिचे मोजमाप, उपाय, खर्च आणि जबाबदारी या साऱ्यांची सांगड एकाच मसुद्यात घातली गेली होती.

या विधेयकाला मर्यादाही होत्या. सक्ती प्रथम मुलग्यांपुरती होती. मुलींचा समावेश पुढील टप्प्यावर सोपविला होता. चाळीसमागे एक मुलगी शाळेत जाणाऱ्या देशात ज्यांची संख्या सर्वांत कमी, त्यांनाच अधिक काळ थांबावे लागणार होते. त्याचप्रमाणे जेथे शाळाच नाही, तेथे ३३ टक्क्यांची अट पूर्ण होणे कठीण होते. तत्कालीन विरोधाचा अंदाज घेऊन गोखले यांनी ही सावध वाट निवडली होती. मान्य होण्याची शक्यता वाढावी म्हणून त्यांनी स्वतःच मागणी लहान केली होती.

तरीही विरोध झालाच. विधेयक लोकमतासाठी पाठविण्यात आले, तेव्हा अनेक नगरपालिकांनी आणि सार्वजनिक संस्थांनी त्याचे स्वागत केले. प्रांतिक सरकारांनी मात्र प्रतिकूल अभिप्राय दिले. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, प्रशिक्षित शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, अशी कारणे पुढे आली. मंडळातील काही जमीनदार सदस्यांनाही शेतमजुरांची मुले शाळेत जाण्याची कल्पना रुचली नाही. पंडित मदनमोहन मालवीय, महंमद अली जीना यांच्यासारखे सदस्य गोखले यांच्या पाठीशी उभे राहिले. दोन दिवसांच्या चर्चेनंतर १९ मार्च १९१२ रोजी विधेयक प्रवर समितीकडे सोपविण्याचा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. बाजूने १३ आणि विरोधात ३८ मते पडली. सरकारी सदस्यांचे बहुमत असलेल्या त्या सभागृहात हा निकाल गोखले यांना अनपेक्षित नव्हता. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणे आले आहे, या जाणिवेने त्यांनी तो कोणतीही कटुता न दाखविता स्वीकारला.

आकडे अचूक होते, खर्चाचा हिशेब मांडलेला होता, बडोद्याचा दाखला समोर होता. एवढे असूनही निर्णय होऊ शकला नाही. माहिती कितीही भक्कम असली, तरी तिच्या आधारे कृती करण्याची इच्छा सत्तेपाशी नसेल, तर ती अहवालातच पडून राहते, हे या पराभवाने दाखविले. पराभूत झालेल्या मांडणीचा परिणाम मात्र पुसला गेला नाही. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांचे अनुदान जाहीर झाले होते. १९१३ च्या शिक्षणविषयक ठरावात सरकारने सक्ती नाकारली, तरी प्राथमिक शाळांचा विस्तार करण्याची गरज मान्य केली.

उरलेल्या तीन वर्षांत गोखले यांनी प्रकृतीची पर्वा केली नाही. १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील भारतीयांची स्थिती पाहून आले. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम करीत असतानाच मधुमेह बळावला आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे वय तेव्हा ४८ वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांमुळे मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. पाठोपाठ इतर प्रांतांनीही तसे कायदे केले. स्वतंत्र भारताने २००२ मध्ये घटनादुरुस्ती करून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखले यांनी परिषदेत ठराव मांडला त्याला तेव्हा नुकतीच शंभर वर्षे पूर्ण झाली होती. या शंभर वर्षांत शाळेची पायरी न चढताच मोठ्या झालेल्या मुलांची गणती कोणत्याही कोष्टकात पूर्णपणे सापडणार नाही.

आज देशभरातील शाळा पटसंख्या, उपस्थिती, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे यांची माहिती दरवर्षी यू-डायस प्लस या राष्ट्रीय प्रणालीत नोंदवितात. गोखले यांना जी माहिती जाडजूड सरकारी ग्रंथांतून वेचावी लागली, तिच्याहून कितीतरी अधिक तपशील आज मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती असतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव त्या नोंदीत दिसल्यावर त्याच्या घरी कोण जाणार, कोणत्या कारणाने ते सुटले हे कोण विचारणार आणि ते कारण दूर करण्याचा खर्च कोण उचलणार, हे ठरविणे मात्र आजही माणसांच्याच हाती आहे. गोखले यांनी आपल्या मसुद्यात या प्रश्नांची उत्तरे कलमवार लिहून ठेवली होती. प्रत्येक शाळेने वर्षाअखेरीस आपली माहिती भरून झाल्यावर एकदा त्याच प्रश्नांकडे पाहिले, तर या शिक्षकाच्या परिश्रमांचे खरे स्मरण होईल.