मैदानावर वागायला शिकलेला बॉबी जोन्स

गोल्फ हा बहुतांशी पंचाविना खेळला जाणारा खेळ आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद आहे की नाही, हे पंच ठरवतो. टेनिसमध्ये चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे सांगणारा कोणीतरी असतो. गोल्फचा खेळाडू मात्र अनेकदा उंच गवतात एकटाच उभा असतो. पायाजवळचा चेंडू तसूभर हलला की नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. त्याच वेळी मागून दुसरा गट येत असतो आणि पुढचे मैदान मोकळे होण्याची वाट पाहत असतो. प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याच्या वेळेची कदर या दोन गोष्टी नसतील, तर हा खेळ चालूच शकत नाही. म्हणूनच गोल्फमध्ये शिष्टाचाराला नियमांइतकेच मोल आहे. या शिष्टाचाराचा मानदंड म्हणून आजही ज्याचे नाव घेतले जाते, तो अमेरिकेचा बॉबी जोन्स नवखा असताना मात्र विलक्षण तापट आणि बेशिस्त होता. त्याचे मोठेपण जिंकलेल्या करंडकांत आहेच. पण भर मैदानात शोभा करून घेतलेला एक मुलगा स्वतःला आवरायला कसा शिकला, यात ते अधिक आहे.

रॉबर्ट टायर जोन्स याचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात झाला. वडील वकील होते. लहानपणी मुलाची प्रकृती इतकी नाजूक होती, की मोकळी हवा मिळावी म्हणून कुटुंब शहराबाहेर ईस्ट लेक येथे राहू लागले. तिथे शेजारीच गोल्फचे मैदान होते. स्टुअर्ट मेडन हा स्कॉटलंडच्या कार्नूस्टी गावचा खेळाडू तिथे शिकवायला होता. बॉबीने त्याच्याकडून रीतसर धडे असे फारसे घेतले नाहीत. मेडनच्या मागे मैदानभर हिंडावे, त्याची लकब पाहावी आणि तिची हुबेहूब नक्कल करावी, एवढीच त्याची शिकवणी. चेंडूपाशी जायचे, एक नजर टाकायची आणि वेळ न दवडता फटका मारायचा, ही मेडनची सवयही या नकलेतून त्याच्या अंगी मुरली. सहाव्या वर्षी त्याने मुलांची एक स्पर्धा जिंकली. चौदाव्या वर्षी, १९१६ मध्ये, तो फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला.

त्याच मेरियनमध्ये प्रेक्षकांना त्याचे दुसरे रूपही दिसले. पहिल्या फेरीत त्याची गाठ एबेन बायर्स या माजी विजेत्याशी पडली. दोघेही सारखेच शीघ्रकोपी. फटका चुकला की हातातली काठी भिरकावून देण्यात दोघांची जणू चढाओढ लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेड क्रॉसच्या मदतीसाठी प्रदर्शनीय सामने भरवण्यात आले. त्यांत बॉबीबरोबर ईस्ट लेकमध्येच वाढलेली महिला विजेती अलेक्सा स्टर्लिंग खेळत असे. तिच्यादेखत, भर गर्दीत त्याने काठ्यांची आदळआपट केली. ती लाजेने अवघडली, हे त्याच्या पुढे कायम लक्षात राहिले. तरीही ही खोड एका दिवसात सुटली नाही. फटके तो मोठ्यांचे मारी. वागणे मात्र पोराचे होते.

पुढची घटना समजण्यासाठी सेंट अँड्र्यूज हे गाव कसे आहे, हे पाहायला हवे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे जुने विद्यापीठाचे आणि मासेमारांचे गाव. तिथले ओल्ड कोर्स हे मैदान कोणा धनिकाच्या आवारात नाही. समुद्र आणि गाव यांच्यामधली ती वाळूची, खुरट्या गवताची सामाईक जमीन आहे. तिच्यावरचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी फिरायला येतात. मुंबईच्या वाचकाला खारदांड्याचा किनारा आठवावा. जिथे होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात, मासळी सुकत घातलेली असते, तिथे फिरायला येणाऱ्याला पाऊल जपून टाकावे लागते. कारण ती जागा आपल्या एकट्याची नाही, हे न सांगताही कळते. गोल्फचा शिष्टाचार अशाच सामाईक किनाऱ्यावर जन्मला. इतरांची ये-जा चालू असलेल्या जमिनीवर आपला खेळ खेळायचा, तर थांबायचे कधी, वाट द्यायची कधी आणि आपण उकरलेली माती पुन्हा सारखी करायची कशी, हे ठरवणे भाग होते.

१९२१ मध्ये ब्रिटिश ओपन स्पर्धा याच मैदानावर होती. एकोणीस वर्षांच्या बॉबीला मैदान मुळीच आवडले नाही. तिसऱ्या फेरीत पहिल्या ९ होलना त्याने तब्बल ४६ फटके घेतले. दहाव्या होलवरही घसरण थांबली नाही. अकराव्या होलवर चेंडू वाळूच्या खोल खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, गेला आणि काही केल्या बाहेर येईना. अखेर वैतागून त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धेतून अंग काढून घेतले. हरणे हा अपराध नव्हता. हातात घेतलेला डाव अर्धवट टाकून देणे मात्र त्या गावाच्या दृष्टीने मोठे उणे होते. त्याच वर्षी अमेरिकेत, सेंट लुईसच्या हौशी स्पर्धेत, त्याने रागाने फेकलेली काठी उसळून एका प्रेक्षक महिलेच्या पायाला लागली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने पत्र पाठवून बजावले, की राग आवरता आला नाही तर संघटनेच्या स्पर्धांचे दरवाजे बंद होतील. तिथून मात्र तो बदलू लागला.

हा बदल कोणा गुरूच्या उपदेशाने घडला नाही. गोल्फमध्ये प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक अपेक्षित संख्या ठरलेली असते; तिला पार म्हणतात. आपला खरा प्रतिस्पर्धी समोरचा माणूस नसून हा न चिडणारा, न थकणारा पार आहे, हे त्याने मनाशी पक्के केले. प्रतिस्पर्धीच अदृश्य म्हटल्यावर संतापायचे कोणावर? याच काळात त्याचे शिक्षणही चालू होते. जॉर्जिया टेकमधून यांत्रिकी अभियांत्रिकी, हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य आणि पुढे कायद्याचा अभ्यास करून वकिली, असा तो क्रम होता. १९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळ इनवुड येथे त्याने यूएस ओपन जिंकली आणि यशाची दारे उघडली.

१९२५ ची यूएस ओपन मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे झाली. पहिल्या फेरीत अकराव्या होलवर जोन्स यांचा चेंडू गवतात होता. फटक्याच्या तयारीत काठी गवताला लागली आणि चेंडू किंचित हलला. ते कोणीही पाहिले नव्हते. जोन्स यांनी स्वतःहून एक दंडाचा फटका मोजायला सांगितला. पदाधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा चेंडू हलताना कोणालाच दिसला नसल्याचे कळले. पण जोन्स आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. चार फेऱ्या संपल्या, तेव्हा जोन्स आणि विली मॅकफार्लेन यांचे फटके सारखे भरले. पुढे ३६ होलचा निर्णायक सामना झाला आणि त्यात जोन्स एका फटक्याने हरले. तो दंड त्यांनी सांगितला नसता, तर निर्णायक सामन्याची वेळच आली नसती. त्यांचे कौतुक होऊ लागले, तेव्हा ते त्यांना रुचले नाही. जे करायलाच हवे ते केल्याबद्दल शाबासकी कसली, अशी त्यांची धारणा होती. चार वर्षांपूर्वी डाव टाकून निघून गेलेला मुलगा आता विजेतेपद हातचे जात असतानाही नियमाला धरून उभा होता.

त्यांच्या खेळाचा दुसरा विशेष म्हणजे वेग. ईस्ट लेकला मेडनकडून उचललेली सवय शेवटपर्यंत टिकली. चेंडूपाशी रेंगाळणे, हवेत पुन्हा पुन्हा काठी फिरवून पाहणे, असले सोपस्कार त्यांच्याकडे नसत. या गोष्टीचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. चार जणांचा एक गट आणि प्रत्येकाचे ९० फटके धरले, तर एका डावात ३६० फटके होतात. प्रत्येक फटक्यामागे फक्त १५ सेकंद जादा लागले, तरी डाव दीड तासाने लांबतो. हा दीड तास त्या चौघांपुरता राहत नाही. मागून येणाऱ्या प्रत्येक गटाच्या डोक्यावर तो बसतो, कारण अरुंद बोळातल्या गाडीप्रमाणे पुढच्याने जागा सोडल्याशिवाय मागच्याला सरकता येत नाही. नवख्या खेळाडूचे फटके जास्त होतात, हा त्याचा दोष नव्हे. आपली पाळी येईपर्यंत कोणती काठी घ्यायची हे न ठरवणे, हरवलेला चेंडू शोधत बसून मागच्यांना पुढे जाऊ न देणे, हा दोष होय.

१९२७ मध्ये ब्रिटिश ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला आली. जोन्स आदल्या वर्षीचे विजेते म्हणून उतरले आणि ६ फटक्यांच्या फरकाने जिंकले. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. करंडक अमेरिकेला न नेता त्याच गावात ठेवावा, अशी विनंती त्यांनी केली आणि गावाने त्यांना कायमचे आपले मानले. १९३० हे वर्ष तर अद्भुतच ठरले. मे महिन्यात सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश हौशी स्पर्धा, जूनमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन, जुलैत मिनेसोटातील इंटरलॅकनला यूएस ओपन आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकी हौशी स्पर्धा, अशी त्या काळातली चारही प्रमुख विजेतेपदे त्यांनी एकाच वर्षात मिळवली. शेवटची स्पर्धा मेरियनला होती. चौदाव्या वर्षी जिथे काठ्या भिरकावल्या होत्या, त्याच मैदानावर. १९२३ ते १९३० या काळात त्यांनी अशी १३ विजेतेपदे जिंकली. ती सगळी हौशी खेळाडू म्हणून, पैशाचे बक्षीस न घेता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी स्पर्धात्मक खेळाचा निरोप घेतला.

निवृत्तीनंतर वकिली सांभाळून त्यांनी क्लिफर्ड रॉबर्ट्स यांच्यासह जॉर्जियात ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभे केले. त्याची आखणी ॲलिस्टर मॅकेंझी यांच्यासमवेत झाली. १९३४ मध्ये तिथे सुरू झालेली स्पर्धा पुढे मास्टर्स म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. खेळाडूच्या चुकीवर टाळ्या वाजवणे किंवा आरडाओरडा करणे गोल्फला शोभत नाही, असे त्यांनी १९६७ मध्ये प्रेक्षकांसाठी लिहून ठेवले. पण या सभ्यतेला एक मोठी मर्यादा होती, आणि ती झाकून चालणार नाही. त्या मैदानावर कृष्णवर्णीयांना बराच काळ कॅडी म्हणून, दुसऱ्याच्या काठ्या वाहण्यापुरतीच जागा होती. मास्टर्समध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर १९७५ मध्ये उतरला, तेव्हा जोन्स यांना जाऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये आणि पहिल्या महिला सदस्य २०१२ मध्ये घेतल्या. मैदानावर दुसऱ्याचा मान राखण्याचा पाठ घालून देणाऱ्या माणसाच्या क्लबात कित्येकांना फाटकापाशीच थांबावे लागले, हेही त्यांच्या चरित्राचाच भाग आहे.

उत्तरायुष्यात दैवाने त्यांची कठोर परीक्षा घेतली. मज्जारज्जूच्या दुर्धर विकाराने हातापायांतली शक्ती हळूहळू गेली. १९४८ नंतर त्यांना गोल्फ खेळता आले नाही. आधी काठी, मग कुबड्या आणि शेवटी चाकांची खुर्ची आली. पूर्वी काठ्या भिरकावणाऱ्या माणसाने या दुखण्याबद्दल कुरकुर केली नाही, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी नोंदवले आहे. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकी संघाचे कर्णधार म्हणून सेंट अँड्र्यूजला गेले, तेव्हा गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. १७५९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना मिळालेला हा मान त्यानंतर प्रथमच एका अमेरिकनाला मिळत होता. लिहून आणलेले टिपण बाजूला ठेवून जोन्स त्या गावाच्या ऋणाबद्दल बोलले. १८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटा येथे त्यांचे निधन झाले. ओल्ड कोर्सचा दहावा होल आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९२१ मध्ये त्याच्या पुढच्याच होलवर त्यांनी चेंडू उचलला होता.

रेंगाळणाऱ्या खेळाचे दुखणे जोन्स यांच्यानंतर वाढतच गेले. २०१९ च्या सुधारित नियमांत हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत ५ मिनिटांवरून ३ मिनिटांवर आणली गेली. एका फटक्याला ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये, अशी सूचनाही त्यांत आली. आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. मुंबईत गोल्फ १८४२ मध्येच आले. पण तो अनेक वर्षे मूठभरांचा खेळ राहिला. आज खारदांड्याहून कोणी गोल्फ शिकायला निघाला, तर ताडदेव आणि चेंबूरच्या क्लबांत सदस्यत्वाची अट आडवी येते. खारघरला सिडकोच्या मैदानावर मात्र शुल्क भरून खेळता येते. अशी मैदाने वाढतील तसे नवे खेळाडू येतील आणि त्यांना वागण्याच्या रीती ठाऊक नसतील. त्यांना हिणवण्याआधी जुन्या खेळाडूंनी १९२१ चा बॉबी जोन्स आठवावा. शिष्टाचार कोणी जन्मतः घेऊन येत नाही. एका गावाची नाराजी आणि एक ताकीदपत्र पचवून तो आधी स्वतःला आवरायला शिकला; पुढचे करंडक त्यानंतरचे आहेत.