चाळीस पौंडांचा माणूस

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात उत्पादनाचे चार घटक शिकवावे लागतात : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. श्रमाचे एक वैशिष्ट्य म्हणून मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो आहे की, श्रमिक आपले श्रम विकतो, स्वतःला विकत नाही. विद्यार्थी हे विधान परीक्षेपुरते लक्षात ठेवतात आणि पुढे विसरतात. परंतु अठराव्या शतकातील जागतिक व्यापाराचा एक मोठा भाग हेच विधान खोटे पाडण्यावर उभा होता. ते खोटे पडले म्हणजे माणसाची काय गत होते, हे स्वतः भोगून जगापुढे मांडणाऱ्या ओलाउदा इक्वियानोचे चरित्र म्हणूनच आजही अभ्यासण्याजोगे आहे.

इक्वियानोच्या स्वतःच्या कथनानुसार त्याचा जन्म १७४५च्या सुमारास आजच्या नायजेरियातील इग्बो लोकांच्या मुलखात झाला. तो अकरा वर्षांचा असताना, घरची मोठी माणसे शेतावर गेल्याची संधी साधून त्याला व त्याच्या बहिणीला पळवून नेण्यात आले. वाटेत भावाबहिणीची ताटातूट झाली. एका धन्याकडून दुसऱ्याकडे विकला जात तो समुद्रकिनाऱ्यावर पोचला आणि तेथून जहाजाच्या पोटात कोंबला गेला. बाप्तिस्म्याच्या व नौदलाच्या कागदपत्रांत त्याचे जन्मस्थान कॅरोलायना असे नोंदलेले असल्याने काही अभ्यासकांनी या कथनाविषयी शंका घेतली आहे. तथापि त्या जहाजांवरील जीवनाचे जे चित्र त्याने रेखाटले, त्याला इतर साक्षीपुराव्यांची भरभक्कम जोड आहे. साडेतीन शतकांहून अधिक काळ चाललेल्या या व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे जहाजांवर चढविली गेली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. उरलेल्या १८ लाखांना अटलांटिक महासागराने पोटात घेतले.

मायकेल पास्कल नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने या मुलाला विकत घेतले आणि त्याला गुस्टाव्हस व्हासा हे एका स्वीडिश राजाचे नाव दिले. माणसाचे नावसुद्धा धन्याच्या मर्जीवर अवलंबून असावे, हे या व्यवस्थेला साजेसेच होते. इंग्लंड-फ्रान्सच्या सप्तवार्षिक युद्धात इक्वियानोने नौदलात चाकरी केली, तो लिहावाचावयास शिकला, १७५९ साली लंडनमध्ये त्याचा बाप्तिस्माही झाला. आता आपण स्वतंत्र होणार, असे त्याला वाटत होते. परंतु १७६२च्या अखेरीस पास्कलने त्याला विकून टाकले आणि त्याची रवानगी वेस्ट इंडीजमधील मॉन्टसेरॅट बेटावर झाली.

तेथे त्याला रॉबर्ट किंग या क्वेकर व्यापाऱ्याने घेतले. किंग हा त्या काळाच्या मानाने दयाळू धनी होता. हिशेब ठेवण्यात आणि जहाजावरील कामात हा गुलाम तरबेज आहे, हे त्याने हेरले. आपण दिलेली किंमत परत केलीस तर तुला मुक्त करीन, असे वचनही त्याने दिले. ती किंमत होती चाळीस पौंड. इक्वियानोचे आरंभीचे भांडवल होते अवघे तीन पेनी. त्यातून सेंट युस्टेशियस बेटावर त्याने काचेचा एक पेला घेतला आणि मॉन्टसेरॅटला तो दुप्पट किमतीला विकला. मग दोन पेले, मग अधिक. गोरे गिऱ्हाईक कधी माल हिसकावून घेत, कधी पैसे बुडवीत. गुलामाला दाद मागण्याची सोय नव्हती. तरीही तीनचार वर्षांत त्याने रक्कम उभी केली. पैसे पुढे ठेवताच किंग कचरला; इक्वियानोच्या जहाजाच्या कप्तानाने शब्दाची आठवण करून दिल्यावरच तो राजी झाला. जुलै १७६६मध्ये मुक्तिपत्र तयार झाले. एका माणसाने स्वतःलाच बाजारभावाने विकत घेतले!

येथे वाचकांनी क्षणभर थांबावयास हवे. किंगने त्याला छळले नव्हते, फसविलेही नव्हते. त्याने दिलेली रक्कम तेवढी परत घेतली. व्यवहार चोख होता, आणि नेमके हेच भयंकर आहे. गुलामांच्या व्यापारातील क्रौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक आणि बेड्या येतात. ते सारे खरेच होते. परंतु चाबूक ज्याच्या हाती असे, तो पगारी नोकर. हा व्यापार चालविणारी माणसे लिव्हरपूल, ब्रिस्टल आणि लंडन येथे कार्यालयात बसून वह्या लिहीत आणि रविवारी नियमाने प्रार्थनेस जात.

याचा अस्सल दाखला १७८१ सालच्या झाँग जहाजाचा. ४४२ गुलाम घेऊन निघालेले हे लिव्हरपूलच्या मालकांचे जहाज वाट चुकून जमैकाच्या पुढे गेले. पिण्याचे पाणी अपुरे असल्याचे कारण दाखवून खलाशांनी काही दिवसांत सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात फेकली. रोगाने मेलेल्या गुलामाची भरपाई मिळत नसे. जहाज वाचविण्यासाठी फेकलेल्या मालाची मिळे. मालकांनी दर माणशी तीस पौंडांप्रमाणे विम्याचा दावा केला. १७८३ साली हे प्रकरण लंडनच्या न्यायालयात आले ते खुनाचा खटला म्हणून नव्हे, तर विम्याचा तंटा म्हणून. ज्यूरीने प्रथम मालकांच्या बाजूने कौल दिला. पुढे फेरसुनावणीस परवानगी मिळाली. इक्वियानोने ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याच्या कानी घातली. शार्पने खुनाची फिर्याद व्हावी म्हणून धडपड केली. पण कोणावरही खटला झाला नाही. प्रकरणाचा बभ्रा मात्र झाला आणि इंग्लंडमधील लोकमत हळूहळू जागे होऊ लागले.

इक्वियानोला देव्हाऱ्यात बसविण्याचे मात्र कारण नाही. स्वतंत्र झाल्यावर दहा वर्षांनी, १७७६मध्ये, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर मळा काढणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरचा कारभारी म्हणून त्याने स्वतः जमैकात जाऊन गुलाम निवडून विकत घेतले. त्यांना त्याने चांगले वागविले. पण तो निघून गेल्यावर नव्या मुकादमाच्या जाचाला कंटाळून ते पळाले आणि बुडून मेले. ज्याने स्वतः चाळीस पौंड मोजून सुटका करून घेतली, तोही दुसऱ्याची किंमत मोजू शकला. व्यवस्था एकदा अंगवळणी पडली की तिचा बळीही तिच्याच भाषेत हिशेब करू लागतो. ही हकिकत त्याने लपविली नाही, हे त्याचे मोठेपण.

१७८९ साली त्याने वर्गणीदार जमवून आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, हक्क स्वतःकडे ठेवले आणि ब्रिटन व आयर्लंडमध्ये गावोगावी हिंडून ते विकले. त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. ३१ मार्च १७९७ रोजी त्याचे निधन झाले. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १८०७मध्ये. आणि वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा आला १८३३मध्ये. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. सुमारे आठ लाख गुलामांना एक पैही मिळाली नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली बहुतेकांना १८३८पर्यंत राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली केली.

मळ्यांना मजूर तर हवेच होते. १८३४पासून मॉरिशसच्या उसासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला, तो या साऱ्याचा आपल्याशी संबंध आहे हे ओळखूनच.

हा संबंध आजही तुटलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इतर संस्थांसमवेत २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. लिबियात स्थलांतरितांचा लिलाव होत असल्याची दृश्ये २०१७मध्ये जगाने पाहिली. म्यानमार आणि कंबोडियात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना, त्यांत भारतीयही आले, कोंडून ठेवून संगणकावरून लोकांना लुबाडण्याचे काम करून घेतले जाते.

आणि साखर? वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी प्रामुख्याने साखरेसाठी होती. आपल्याकडे वेठबिगारी १९७६च्या कायद्याने नष्ट केली. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगार गुलाम नाही. तो मतदार आहे, नागरिक आहे. पण तो मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत फडात बांधला जातो. खाडा झाला तर दंड. नवराबायकोच्या जोडीला हिशेबात एक कोयता म्हणतात. पाळीच्या दिवसांत खाडे नकोत म्हणून बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातून इतक्या आल्या की, २०१९मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दोन माणसांचा एक कोयता होतो, तेव्हा बाईचे शरीर ही खाड्याची बाब ठरते. यात कोणी एक क्रूर माणूस शोधू गेल्यास सापडणार नाही. सापडतील त्या वह्या.

श्रमिक स्वतःला विकत नाही, हे मी पुढच्या वर्षीही शिकवीन. मात्र ते वस्तुस्थितीचे वर्णन नसून समाजाने पाळावयाचे वचन आहे, एवढे त्याला जोडीन. आपल्या चहातील साखरेच्या मागे कोणाची उचल फिटावयाची राहिली आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली नाही, तर तीस आणि चाळीस पौंडांचे ते हिशेब केवळ अठराव्या शतकाच्या इंग्लंडचे होते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.