प्रज्ञाचक्षूंचे वाचक आणि लेखनिक

माधानच्या मोहोड घराण्यातील गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, म्हणजे त्यांच्या आजोळी झाला. वयाच्या आठव्या-नवव्या महिन्यातच त्यांची दृष्टी गेली. पुढे जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. वेदान्त, योग, भक्तिशास्त्र व आयुर्वेद यांच्या जोडीला डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. हा गौरव उचितच होय. परंतु अंतर्दृष्टीचा चमत्कार म्हणून हात जोडले की मग ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचले कसे, हा साधा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.

त्या काळी वऱ्हाडातील खेड्यात जन्मलेल्या अंध मुलास शिक्षणाची वाट जवळजवळ नव्हतीच. अंधांसाठी भारतातील पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी मान्य होण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तेव्हा महाराजांनी जवळ जे होते त्यातूनच मार्ग काढला. जवळ होते ते म्हणजे पोथी मोठ्याने वाचण्याची गावोगावची रूढी. इतरांच्या मुखाने ग्रंथ ऐकावेत, ते स्मरणात साठवावेत आणि स्वतःची रचना दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरवावी, असा त्यांचा परिपाठ होता. डार्विनचे मत खोडावयाचे, तर ते आधी कोणीतरी वाचून समजावून दिलेच पाहिजे. त्यांची पद्यरचना विपुल आहे, आणि तिच्यामागे केवळ परंपरेचा आदर असेल असे वाटत नाही. मागची ओळ पुन्हा डोळ्यांखाली घालता येत नाही, त्याला वृत्ताचा आणि यमकाचा आधार फार मोठा. याशिवाय ‘नावंग’ नावाची एक स्वतंत्र भाषाही त्यांनी रचली. लिपी हाती नसलेल्या माणसाने भाषाच घडवावी, हे विलक्षण खरे!

दुसऱ्याच्या हाताने लिहिण्यात उणेपणा मानण्याचे आपल्याकडे वास्तविक कारण नाही. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या लेखनाशी सच्चिदानंदबाबांचे नाव असेच जोडलेले आहे. समर्थ आणि ज्ञानदेव डोळस होते. त्यांच्या लेखनिकांविषयी आपण कृतज्ञतेने बोलतो. मात्र परीक्षागृहात अंध विद्यार्थ्याशेजारी लेखनिक बसला की कपाळावर आठी चढते आणि ही सवलत कशाला, अशी कुजबुज सुरू होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा परीक्षार्थींसाठी लेखनिक आणि दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मान्य केला. कागदावर तरतूद आली, म्हणजे वाचून दाखविणारा माणूस मिळालाच असे नव्हे. परीक्षा वर्षाकाठी दोन वेळा येते. पाठ्यपुस्तक मात्र रोज वाचावे लागते, आणि त्यासाठी कोणाचा तरी रोजचा एक तास खर्ची पडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ज्ञानाची ही किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. ती बहुधा घरातील बहीण वा आई भरते.

महाराजांच्या बाबतीत ती शिष्यांनी आणि सोबत्यांनी भरली. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत, मधुराद्वैताचा पुरस्कार करीत. त्यांच्या चरित्रांत या भक्तीचे वर्णन विस्ताराने येते. वाचून दाखविणाऱ्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोड्या ओळी येतात. एखाद्या संस्कृत ग्रंथाचे पान चुकीच्या पदच्छेदाने वाचले गेले, तर ऐकणाऱ्याचा अर्थच बदलावा, एवढी जबाबदारी त्यांच्यावर होती.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात महाराजांचे देहावसान झाले. त्यानंतर बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांचा संप्रदाय पुढे चालविला. मागे राहिलेल्या हस्तलिखितांतील विचार महाराजांचा होता. अक्षर मात्र अर्थातच दुसऱ्यांचे.