सॅम्युएल मॉर्स

मोठी फाईल पाठवावयाची असली म्हणजे ती संगणकावर आधीं आवळून लहान करावी लागते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु या युक्तीचें एक मूळ तारायंत्रांत आहे, आणि तें यंत्र पुढें आणणारा गृहस्थ मूळचा चित्रकार होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

सॅम्युएल मॉर्स याचा जन्म ता. २७ एप्रिल १७९१ रोजीं अमेरिकेंतील चार्ल्सटाउन येथें झाला. वडील तेथील मंडळीचे पाळक होते. त्यांचीं भूगोलाचीं पुस्तकें त्या देशांतील शाळांतून चालत. येल येथील शिक्षण १८१० सालीं संपवून मुलगा चित्रकलेसाठीं इंग्लंडास गेला.

१८२५ च्या फेब्रुवारींत तो वॉशिंग्टन येथें सेनापति लाफायेत याच्या चित्राच्या कामावर होता. पत्नी ल्युक्रेशिया न्यू हेवन येथें नुकतीच बाळंत झाली होती. ता. ७ रोजीं ती एकाएकीं वारली. वडिलांचें पत्र टपालानें येण्यास दिवस लागले. तोंवर बिचारा घरीं आनंदाचीं पत्रें लिहीत होता. तो परत पोंचला तेव्हां तिचें दफन होऊन गेलें होतें. या दुःखांतूनच तारायंत्र जन्मलें असें कित्येक लिहितात. कल्पना सुचली ती सात वर्षांनीं, १८३२ सालीं, ‘सली’ जहाजावर विद्युच्चुंबकाची गोष्ट निघाली तेव्हां. म्हणून मी तसें ठामपणें म्हणणार नाहीं. पण उशिरा आलेल्या पत्राची किंमत त्यास ठाऊक होती.

तारेवरून एका वेळीं एकच खूण जाई, तेव्हां निरोप आंखूड करणें भाग होतें. मॉर्सनें प्रथम शब्दांचा कोश करून प्रत्येक शब्दास क्रमांक दिला. तारेनें आंकडा जावयाचा व पलीकडच्यानें शब्द शोधावयाचा. (आपल्याकडील तारकचेरींतही शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांस असेच क्रमांक असत; पालकांपैकीं कित्येकांनीं लग्नाच्या तशा तारा केल्या असतील.) पुढें अक्षरांनाच टिंबें व रेघा दिल्या. कोणतें अक्षर किती वेळां लागतें हें छापखान्यांतील खिळ्यांवरून ठरविलें. इंग्रजी ‘ई’ चे खिळे १२,०००, तर ‘झेड’ चे अवघे २००! म्हणून ‘ई’ ला एकच टिंब मिळालें, आणि क्वचित् लागणाऱ्या अक्षरांच्या वांट्यास लांब खुणा आल्या.

आजची ‘जीझिप’ ही आज्ञा याच दोन वाटांनीं चालते. पूर्वीं येऊन गेलेला मजकूर पुन्हां न लिहितां ती मागील जागेचा निर्देश करते, आणि वारंवार येणाऱ्या खुणांस आंखूड संकेत देते. हे संकेत बसविण्याची नेमकी रीत डेव्हिड हफमन यानें १९५२ सालीं प्रसिद्ध केली. मार्क अॅडलर याची ‘पिग्झी’ आज्ञा फाईलीचे १२८ किलोबाइटांचे तुकडे पाडून ते संगणकाच्या निरनिराळ्या गाभ्यांस एकाच वेळीं वांटून देते. एक लांब निरोप चार तारमास्तरांनीं मिळून आंखूड करावा, तसेंच हें. तुकडे क्रमानें जोडले जातात, आणि झालेली फाईल साध्या जीझिपनेंही उघडते.

मॉर्सलाही एकट्यास हें काम उरकलें नाहीं. आल्फ्रेड व्हेल १८३७ सालीं त्यास मिळाला; त्याच्या वडिलांच्या लोखंडी कारखान्यांत यंत्रें घडलीं. संकेतलिपींत व्हेलचा वांटा किती, हा वाद अजून मिटलेला नाहीं. श्रेय वांटतांना मॉर्सचा हात आंखडता असे; जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाशींही त्याचें बिनसलें. पाळकाच्या या मुलानें गुलामगिरीचें समर्थन लिहून छापिलें, हें लिहितांना वाईट वाटतें. पण चरित्रांतून तें गाळणें बरें नव्हे.

काँग्रेसनें १८४३ सालीं ३०,००० डॉलर मंजूर केले. ता. २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून सुमारें ४० मैलांवरील बाल्टिमोर येथें पहिला जाहीर निरोप गेला. तो पवित्र शास्त्रांतील गणना या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायांतला असून अॅनी एल्सवर्थ या तरुणीनें निवडला होता. व्हेलनें तो बाल्टिमोरास घेतला व तसाच परत पाठविला.

मॉर्स ता. २ एप्रिल १८७२ रोजीं न्यू यॉर्क येथें वारला. अटलांटिक महासागराखालची तार १८६६ पासून नीट चालत होती. त्यामुळें ती वार्ता कळण्यास युरोपांतील कोणासही टपालाची वाट पाहावी लागली नाहीं.