शिकाऊ सर्जनच्या हाती ऑपरेशन कधी सोपवायचं? ही पद्धत घालून देणारे डॉ. विल्यम हॅल्स्टेड

नवा सर्जन तयार व्हायचा तर त्याला कधी ना कधी पहिलं ऑपरेशन स्वतःच्या हाताने करावंच लागतं. पण टेबलावरच्या पेशंटला त्याच्या नवखेपणाची किंमत मोजायला लागता कामा नये. मग मोकळीक कधी द्यायची, किती द्यायची? या प्रश्नाला अमेरिकेत पहिल्यांदा पद्धतशीर उत्तर दिलं ते डॉ. विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड यांनी.

हॅल्स्टेड यांचा जन्म १८५२ साली न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत व्यापारी घरात झाला. १८७७ मध्ये ते डॉक्टर झाले. त्या काळी अमेरिकेत कॉलेजमधून बाहेर पडलेला डॉक्टर पुरेसा अनुभव नसतानाही ऑपरेशन करू शकत असे. सर्जन घडवण्याची ठरलेली अशी वाटच नव्हती. पुढे सुमारे दोन वर्षं हॅल्स्टेड युरोपात राहिले. तिथे व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या हाताखाली सहायक वर्षानुवर्षं शिकताना त्यांनी पाहिले. हे चित्र त्यांच्या मनात पक्कं बसलं.

न्यूयॉर्कला परतल्यावर धाडसी आणि वेगवान सर्जन म्हणून त्यांचं नाव झालं. पण १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो असा शोध लागला आणि हॅल्स्टेड यांनी सहकाऱ्यांसोबत स्वतःवरच कोकेनची इंजेक्शनं देऊन प्रयोग सुरू केले. त्यातून भूल देण्याचं एक नवं तंत्र मिळालं, पण हॅल्स्टेड व्यसनात अडकले. त्यांना उपचारांसाठी इस्पितळात राहावं लागलं. पुढे मॉर्फीनची सवय लागली, ती बहुतेक आयुष्यभर सुटली नाही. ही गोष्ट सर्वांसमोर आली ती मात्र १९६९ मध्ये, सहकारी डॉ. ऑस्लर यांची गुप्त टिपणं प्रसिद्ध झाल्यावर.

बाल्टिमोरमधली दुसरी सुरुवात

मित्र डॉ. विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून घेतलं. तिथल्या प्रयोगशाळेत हॅल्स्टेड कुत्र्यांवर आतड्याच्या टाक्यांचे प्रयोग करू लागले. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं आणि लवकरच तिथला सर्जरी विभाग त्यांच्याकडे आला. न्यूयॉर्कचा वेगवान सर्जन आता अतिशय सावकाश काम करू लागला होता. पेशी हळुवार हाताळायच्या, प्रत्येक रक्तस्राव थांबवायचा, निर्जंतुकीकरणात तडजोड करायची नाही, हे त्यांचे नियम. ऑपरेशन थिएटरमध्ये रबरी हातमोजे आले तेही त्यांच्यामुळे. जंतुनाशकाने एका नर्सचे हात सोलवटत होते, म्हणून त्यांनी मोजे बनवून घेतले. तीच नर्स, कॅरोलाइन हॅम्प्टन, पुढे त्यांची पत्नी झाली.

पायरी-पायरीने जबाबदारी

हॅल्स्टेड यांची पद्धत समजायला सोपी होती. सुरुवातीला इंटर्न, मग सहायक, आणि शेवटी मुख्य रेसिडेंट. सगळं मिळून साधारण आठ वर्षं. शिकणारे हॉस्पिटलमध्येच राहायचे. आपल्याकडे रूढ झालेला 'निवासी डॉक्टर' हा शब्द याच परंपरेतला. आधी पाहायचं, मग मदत करायची, मग देखरेखीखाली करायचं, आणि वरच्या पायरीवर पोहोचल्यावर वॉर्डातल्या पेशंटची जबाबदारी स्वतः घ्यायची. अमुक वर्षं भरली म्हणून बढती मिळत नसे. कोण तयार आहे हे हॅल्स्टेड ठरवत.

या पद्धतीतून हार्वे कुशिंग आणि वॉल्टर डँडी यांच्यासारखे मेंदूचे नामवंत सर्जन घडले. १९०४ मध्ये येल विद्यापीठातल्या भाषणात हॅल्स्टेड यांनी ही कल्पना देशासमोर मांडली. त्यांच्या मुख्य रेसिडेंटपैकी अनेकांनी इतर शहरांत तसेच प्रशिक्षणक्रम सुरू केले.

पण पद्धतीत फटी होत्या

पहिली म्हणजे, शिखरावर एका वेळी एकच जागा. बाकीचे मधेच गळायचे. १९३० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये डॉ. एडवर्ड चर्चिल यांनी ही उतरंड मोडून अधिक जणांना प्रशिक्षण पूर्ण करता येईल अशी रचना आणली.

दुसरी फट जास्त गंभीर. हॅल्स्टेड अनेकदा, विशेषतः उन्हाळ्यात, महिनोन्‌महिने गैरहजर असत आणि ऑपरेशनं रेसिडेंट करत. त्यामुळे शिष्य लवकर स्वावलंबी झाले हे खरं. पण वरिष्ठ जवळ नसताना काही बिघडलं, तर त्याची झळ वॉर्डातल्या पेशंटला बसणार होती, आणि त्याला याबाबत कुणी विचारत नसे. कोण तयार आहे हा निर्णयही एकाच माणसाच्या नजरेवर अवलंबून होता.

१९२२ मध्ये हॅल्स्टेड यांचा पित्तखड्यांचा त्रास उलटला. त्यांच्यावर ऑपरेशन केलं ते त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या सर्जननी. शिष्यांवर त्यांनी टाकलेला विश्वास इथे स्वतःच्या देहापर्यंत आला होता. ऑपरेशननंतर गुंतागुंत होऊन ७ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं.

आज अमेरिकेत ऑपरेशनच्या महत्त्वाच्या टप्प्यांवेळी वरिष्ठ सर्जनने हजर असणं अपेक्षित असतं, आणि २००३ पासून रेसिडेंटच्या कामाचे तास आठवड्याला सरासरी ८० पर्यंत मर्यादित आहेत. जबाबदारी पायरीपायरीने वाढवायची, हा हॅल्स्टेड यांचा गाभा मात्र टिकला. त्यात एवढीच भर पडली, की शिकणाऱ्याला मोकळीक देताना शिकवणाऱ्याने हाकेच्या अंतरावर असलं पाहिजे.