चीनने शिकवलं, दक्षिण आफ्रिकेने पोसलं, रेगन यांनी व्हाईट हाऊसला बोलावलं. तरी जोनास साविंबी शेवटी एकटाच पडला

कॉलेजात मित्राची हजेरी आपण लावली की त्याला आपण प्रॉक्सी म्हणतो. देशसुद्धा एकमेकांच्या घरात अशीच प्रॉक्सी लावतात. फक्त तिथे हजेरी बंदुकीने लागते.

आजकाल प्रॉक्सी म्हटलं की इराण आणि हिजबुल्ला आठवतात. पण हा खेळ नीट समजून घ्यायचा असेल तर अंगोलाच्या जोनास साविंबीची गोष्ट बघावी लागते.

साविंबीचा जन्म १९३४ चा, मुन्हांगो गावातला. अंगोलावर तेव्हा पोर्तुगालचं राज्य होतं. वडील बेंगुएला रेल्वेत स्टेशन मास्तर आणि सोबत चर्चचे पाद्री. पोरगं हुशार होतं, शिकायला लिस्बनला आणि पुढे स्वित्झर्लंडला गेलं. तिथून स्वातंत्र्याच्या चळवळीत आला, एका संघटनेत काही वर्षं काढली, पटलं नाही म्हणून बाहेर पडला. चीनमध्ये जाऊन गनिमी काव्याचं शिक्षण घेतलं आणि १९६६ साली स्वतःची संघटना काढली, यूनिटा. ओविंबुंदू हा अंगोलातला सगळ्यात मोठा समाज, तो याच्या मागे उभा राहिला.

११ नोव्हेंबर १९७५ ला पोर्तुगीज गेले, पण राजधानी लुआंडा एमपीएलए या डाव्या संघटनेच्या हातात होती. त्यांच्या मागे सोव्हिएत रशिया आणि क्युबाचं सैन्य. साविंबीला दुसरा आधार शोधणं भाग होतं.

तो मिळाला दक्षिण आफ्रिकेत. हो, तीच वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका.

आता तुम्ही म्हणाल, काळ्या माणसांना माणूस न मानणारं सरकार एका काळ्या नेत्याला कशाला मदत करेल? तर मधे होता नामिबिया. तो दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता आणि त्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापोचे तळ होते अंगोलात. अंगोलाचा दक्षिण भाग साविंबीने धरून ठेवला की स्वापोची वाट बंद, आणि लुआंडाचं सरकार कायम घरातल्याच भांडणात अडकलेलं. आपले जवान कमी मरतात, जगाने विचारलं तर हे त्यांचं अंतर्गत युद्ध आहे म्हणून हात झटकता येतात.

नामिबियाच्या सीमेजवळ जांबा नावाचं यूनिटाचं ठाणं उभं राहिलं. शाळा, दवाखाना, विमानाची धावपट्टी, सगळं जंगलात. दारूगोळा आणि डिझेल दक्षिणेकडून यायचं. बदल्यात हस्तिदंत आणि सागवान जायचं. या हस्तिदंताच्या धंद्यात दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याचा हात होता, हे पुढे त्यांच्याच चौकशी आयोगाने मान्य केलं.

१९८६ मध्ये रेगन यांनी साविंबीला व्हाईट हाऊसमध्ये बोलावलं. मग स्टिंगर क्षेपणास्त्रंही आली, शेजारच्या झैरेमार्गे. गंमत म्हणजे त्याच काळात कॅबिंडामधल्या अमेरिकन तेल कंपनीच्या विहिरींना राखण होती क्युबाच्या सैनिकांची.

इकडे साविंबी स्वतःच्याच लोकांवर संशय घेऊ लागला होता. टिटो चिंगुंजी हा त्याचा परदेशातला मोठा चेहरा, त्यालाही कुटुंबासकट संपवण्यात आलं. आणि ज्या बेंगुएला रेल्वेवर बापाने नोकरी केली, तीच रेल्वे यूनिटाने हल्ले करून बंद पाडली.

१९८८ मध्ये हिशोब बदलला. कुइतो कुआनावालेच्या लढाईनंतर करार झाला. क्युबाने सैन्य न्यायचं, दक्षिण आफ्रिकेने नामिबिया सोडायचा. १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला आणि प्रिटोरियाचं साविंबीकडचं काम संपलं.

१९९२ मध्ये निवडणूक झाली. दोस सांतोस यांना ४९.६ टक्के मतं, साविंबीला ४०.१. दुसरी फेरी होणार होती. साविंबीने निकालच नाकारला. लुआंडात यूनिटाच्या हजारो समर्थकांची कत्तल झाली, त्याचा उपाध्यक्षही मारला गेला. युद्ध पुन्हा पेटलं.

आणि इथेच ही गोष्ट नेहमीच्या प्रॉक्सीपेक्षा वेगळी होते. मालक निघून गेला, पण टोळी थांबली नाही. साविंबीने हिऱ्यांच्या खाणी धरल्या आणि त्यावर फौज चालवली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रं आणि इंधनावर बंदी घातली, १९९८ मध्ये हिऱ्यांवर. मधल्या काळात झैरेचा मोबुटूही पडला, म्हणजे मागचं दारही बंद.

२२ फेब्रुवारी २००२ ला मोक्सिको प्रांतात सरकारी सैन्याने त्याला गाठून मारलं. वय ६७. सहा आठवड्यांत, ४ एप्रिलला, शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. २७ वर्षांच्या या युद्धात सुमारे ५ लाख माणसं मेल्याचं मानलं जातं. सुरुंगांनी पाय गेलेली माणसं अंगोलात आजही दिसतात.

त्याचे अवशेष गावी नेऊन पुरायला घरच्यांना २०१९ उजाडलं. बापाची ती रेल्वे एका चिनी कंपनीने पुन्हा बांधली. आणि यूनिटा आज तिथला मुख्य विरोधी पक्ष आहे. २०२२ च्या निवडणुकीत त्यांना ४४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, साविंबीला ९२ साली मिळाली होती त्यापेक्षा जास्त.