डोळे अधू, पण रंगांची नजर पक्की

फुलझाडं लावायची म्हणजे आपण काय करतो? नर्सरीत जे फुललेलं दिसेल ते उचलायचं आणि अंगणात एक इथे, एक तिथे खोचून द्यायचं. महिनाभर छान दिसतं. मग बहर ओसरला की नुसत्या काड्या! म्हणून आज मला गर्ट्रूड जीकल या इंग्रज बाईंची गोष्ट सांगावीशी वाटतेय.

जन्म 1843 चा, लंडनमधला. बालपण मात्र सरे परगण्यातल्या खेड्यात गेलं. 1861 मध्ये त्यांनी लंडनच्या कलाशाळेत नाव घातलं. चित्रं काढायची, भरतकाम करायचं, चांदीवर नक्षी कोरायची, सगळ्यात हात चालायचा. लग्न केलं नाही. पण नजर लहानपणापासून अधू, ती आणखी बिघडत गेली. 1891 मध्ये जर्मनीतल्या नामांकित नेत्रतज्ज्ञांनी सांगून टाकलं, की चित्रकला आणि बारीक भरतकाम आता बंद करा. जिचं सगळं आयुष्यच कुंचला आणि सुई, तिने करायचं काय?

बागेचा नाद आधीपासून होताच. सरेमध्येच, मन्स्टेड वुड इथे, पंधरा एकर जागा घेऊन ठेवलेली होती. आता चित्रकाराची सगळी ओढ तिथे वळली.

तेव्हा बड्या घरांतून भौमितिक वाफ्यांची फॅशन होती. लालभडक जिरेनियम, शेजारी पिवळी फुलं, हंगाम संपला की उपटून नवी. जीकलबाईंना आवडायच्या त्या गावातल्या कष्टकऱ्यांच्या झोपड्यांपुढच्या चिमुकल्या बागा. गुलखैरा, गुलाब, लॅव्हेंडर, सगळं दाटीवाटीनं आणि वर्षानुवर्षं तिथेच रुजलेलं. ही दाटी त्यांनी घेतली, पण तिला रंगांची शिस्त लावली.

त्यांचा मुख्य ताटवा 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद होता. टोकाला निळी, पांढरी, फिकट पिवळी फुलं आणि राखाडी पानं. मग गडद पिवळा, नारिंगी आणि मधोमध धगधगता लाल. तिथून पुन्हा रंग उतरत जांभळ्यापर्यंत. आणि त्या लाल-पिवळ्या रंगांत काय होतं माहितेय? डेलिया, कर्दळ आणि चक्क आपला झेंडू! रोपं चौकोनात नाही, तर लांबट तिरक्या पट्ट्यांत लावलेली, एकात एक मिसळणारी. मला वाटतं, अधू डोळ्यांना लांबची फुलं सुटी दिसत नसणार, रंगांचे ढगच दिसत असतील.

बहर संपलेल्या झाडाची जागा रिकामी दिसू नये म्हणून मागची वेल त्याच्यावर ओढून घ्यायची. तरी भोक राहिलंच, तर लिलीची फुललेली कुंडी आणून तिथे ठेवायची. ही युक्ती तर आपल्याला आजही करता येईल!

आपण आधी घर बांधतो, मग उरलेल्या जागेत बाग. इथे उलटं झालं. बाग आधी, घर नंतर. ते घर 1897 मध्ये पूर्ण झालं. बांधलं एडविन लुटियन्स या तरुणाने. होय, पुढे दिल्लीचं राष्ट्रपती भवन उभारणारे तेच लुटियन्स. दोघांची भेट 1889 मधली. तो विशीतला, या पंचेचाळीशीच्या. पुढे कित्येक घरं त्याची आणि बागा यांच्या, अशी जोडीच जमली.

सुमारे चारशे बागांचे आराखडे या बाईंनी केले. उतारवयात तर बऱ्याच जागा न बघताच, नकाशा आणि मातीची माहिती मागवून घेऊन. शिवाय पुस्तकं आणि हजारावर लेख. बारीक काम बंद करायला सांगितलेल्या बाईंनी हे सगळं केलं!

1920 मध्ये विल्यम निकल्सन हे चित्रकार त्यांचं चित्र काढायला आले. पण उजेड आहे तोवर बागेतलं काम सोडून बसायला बाई तयार नव्हत्या. मग निकल्सननी त्यांच्या झिजलेल्या बुटांचंही चित्र काढलं. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. 1932 मध्ये, 89 व्या वर्षी जीकलबाई गेल्या. मन्स्टेड वुड 2023 मध्ये इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने जतनासाठी घेतलं.